मोठ्या कुत्र्याच्या नखांनी लाकडी फ्लोअरवर परत परत ओरखडे पडतायत? नवीन कोट मारायच्या आधी हे बघा

तक्रार सगळ्यांची साधारण सारखीच असते. घरात दणकट मोठा कुत्रा, लॅब म्हणा, जर्मन शेफर्ड म्हणा, रॉटवायलर म्हणा, खाली लाकडी फ्लोअर, नखं नियमित कापली जातायत आणि तरीही ओरखडे. मग वैतागून नवीन कोट मारून घेतला, थोडे दिवस छान दिसलं आणि परत ओरखडे सुरू, तेही अगदी त्याच जागी. हे जे "त्याच जागी" आहे ना, त्याच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच सापडतं. नखं लांब असणं हे एकच कारण असतं तर ओरखडे घरभर सारखे पडले असते, कुत्रा काय घरभर फिरतोच. पण तसं होत नाही. सोफ्यापासून दारापर्यंतचा पट्टा, पॅसेजचं वळण, खिडकीखालची जागा, एवढंच खराब होतं आणि बाकीचं फ्लोअर वर्षानुवर्षं चांगलं राहतं.

कारण ओरखडा पडतो तो कुत्रा घसरतो तेव्हा. मांजराची नखं आत जातात, कुत्र्याची जात नाहीत, ती कायम बाहेरच असतात. शांत चालताना वजन पंजाच्या गाद्यांवर असतं आणि नखं फार तर टेकतात. पण कुत्र्याला एकदम सुटायचं असेल, थांबायचं असेल किंवा वळायचं असेल आणि गादीला पकड मिळाली नाही, की तो बोटं आवळतो आणि नखं रोवायला बघतो. मातीत ती रुततात. पॉलिशच्या गुळगुळीत थरात ती रुतत नाहीत, मग वजनासकट फरफटत जातात. तीस-पस्तीस किलोचं जनावर, त्यात धावायच्या जोरात, आणि सगळा भार चार-सहा नखांच्या टोकांवर, मग कुठलंही पॉलिश असो, चरा पडणारच. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की हा प्रश्न नखांपेक्षा पकडीचा जास्त आहे, आणि पकडीचं काही न करता नुसता कोट मारणं म्हणजे तोच खर्च परत परत करणं.

आधी ओरखडा नीट बघा

रात्री घरातले दिवे बंद करा, टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून लावा आणि स्वतः खाली वाकून बघा. दिवसा उभ्याने बघितलं तर निम्मे ओरखडे दिसत नाहीत आणि जे दिसतात त्यांचा खोलपणा कळत नाही. आडव्या उजेडात सगळं उघडं पडतं.

मग एका ओरखड्यावर पाण्याचं बोट फिरवा. पांढुरकी रेघ ओली झाल्यावर नाहीशी झाली किंवा जवळजवळ दिसेनाशी झाली, तर ओरखडा फक्त वरच्या फिनिशमध्ये आहे, लाकडापर्यंत पोचलेलाच नाही. कुत्र्याच्या नखांचे बहुतेक ओरखडे याच जातीचे असतात आणि हे खरंच चांगलं आहे, कारण यासाठी सगळं फ्लोअर तासायची गरज नसते. पाणी लावल्यावर रेघ उलट गडद झाली किंवा लाकडाचा कच्चा रंग दिसायला लागला, आणि आपलं नख आडवं फिरवलं की अडकतंय, तर फिनिश फाटलेलं आहे आणि आत पाणी शिरू शकतं. असे ओरखडे बरेच दिवस तसेच ठेवू नका, तिथे लाकूड हळूहळू करडं आणि मग काळपट पडतं आणि ते काढणं फार अवघड जातं. टेस्ट झाली की पाणी लगेच पुसा हे सांगायला नको.

तिसरा प्रकार म्हणजे छोटे खड्डे, टोच्या मारल्यासारखे. तिथे लाकूडच दबलेलं असतं. हे पाइनसारख्या मऊ लाकडावर जास्त दिसतं. लाकूड किती कडक हे मोजायची जांका नावाची टेस्ट आहे, गॅब्रिएल जांका यांनी १९०६ मध्ये काढलेली, ११.२८ मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो ते त्यात बघतात. पाउंड-फोर्समध्ये ईस्टर्न व्हाइट पाइन साधारण ३८०, अमेरिकन वॉलनट १०१०, रेड ओक १२९०, हार्ड मेपल १४५०, हिकरी १८२०. सागवान ओकच्या जरा खालीच येतं, पुष्कळांना याचं आश्चर्य वाटतं. पण हे आकडे बघून फ्लोअर निवडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, जांकाचा आकडा सांगतो लाकूड किती दबेल, वरच्या पॉलिशवर ओरखडा किती उठेल हे तो सांगत नाही. हिकरीवर मारलेला पॉलियुरेथेनचा (लाकडी फ्लोअरवर मारायच्या पारदर्शक फिनिशचा) थर आणि पाइनवर मारलेला तोच थर, दोन्हीवर नखाची पांढरी रेघ सारखीच उठते. कडक लाकडाने खड्डे कमी पडतील, रेघा कमी होणार नाहीत.

कुठे पडतायत त्याचा नकाशा काढा

हे खरंच कागदावर काढा, पाच मिनिटांचं काम आहे. खोलीचा चौकोन काढायचा, दारं-खिडक्या-सोफा दाखवायचा आणि टॉर्चच्या उजेडात जिथे ओरखडे दिसतील तिथे त्याच दिशेने रेघा मारायच्या.

आमच्या शेफर्डचं सांगतो. बेल वाजली की तो सोफ्याजवळून उठतो, मागचे पाय आधी जागच्या जागी घसरतात, खर्र खर्र असा आवाज येतो, मग कुठेतरी पकड मिळते आणि तो सुटतो. मधल्या पट्ट्यात तो धावतोय पण घसरत नाहीये. आणि दाराच्या थोडं अलीकडे पुढचे पाय ताठ करून ब्रेक मारतो, तिथे परत लांब लांब रेघा. म्हणजे एकाच धावेत दोन वेगळ्या जागा खराब होतात आणि त्या वेगवेगळ्या पायांनी होतात. सुटताना जोर मागच्या पायांचा असतो, थांबताना पुढच्या. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे ब्रेकचे ओरखडे लांब आणि खोल असतात. सुटायच्या जागेचे आखूड, गर्दीने पडलेले, एकावर एक. वळणावरचे बाकदार असतात. सोफ्यावरून किंवा पलंगावरून उडी मारायच्या जागी आखूड रेघा आणि टोच्या असं मिश्रण दिसतं.

आणि नखांचे ओरखडे बहुतेक वेळा जोडीने किंवा तीन-चारच्या ओळीने समांतर येतात, बोटांमधल्या अंतराइतक्या अंतरावर. तुम्हाला जर दिशाच नसलेल्या, बारीक, सगळीकडे पसरलेल्या रेघा दिसत असतील, फ्लोअर धुरकट झाल्यासारखं वाटत असेल आणि तेही माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, तर ती नखं नाहीत, ती वाळू आहे. डायनिंग टेबलाभोवती अर्धगोल रेघा असतील तर खुर्च्यांचे पाय उलटे करून बघा, खालचे फेल्ट (चिकटवायच्या मऊ चकत्या) निघालेले असतील किंवा फेल्टमध्ये खडे रुतलेले असतील. बऱ्याच घरांत कुत्रा यासाठी उगाच बोलणी खातो.

वाळूचं थोडं सविस्तर

वाळूत क्वार्ट्झ असतं, मोह्‌जच्या मापात त्याचा कडकपणा ७ आहे. नख केराटीनचं असतं, त्याच्या मानाने बरंच मऊ. बाहेरून येणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि केसांत बारीक रेती भरपूर अडकते, ती घरात आल्यावर सांडते आणि मग कुत्रा, माणसं, सगळे मिळून तिच्यावरून चालतात. म्हणजे पॉलिश पेपरच चालवला जातो. म्हणून दाराबाहेर एक खरखरीत पायपुसणं, आत एक जाड शोषून घेणारं, आणि आतलं एवढं लांब हवं की कुत्र्याचे चारही पाय त्याच्यावर पडल्याशिवाय तो पुढे जाऊच शकणार नाही. आत आल्यावर थांबायची सवय लावा, पंजे ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडे करा. कोरडं करणं महत्त्वाचं, ओल्या पंजाने गुळगुळीत पॉलिशवर पाय सटकायला वेळ लागत नाही.

झाडताना मायक्रोफायबरचा सपाट मॉप बरा, व्हॅक्यूम असेल तर फिरणारा ब्रश बंद करून वापरायचा. आणि स्टीम मॉप लाकडावर नकोच.

नखं: कापणं हे अर्धंच काम

कुत्रा उभा असताना, कडक जमिनीवर, त्याच्या नखाखालून कागद सरकला पाहिजे. चालताना टकटक टकटक आवाज येतोय म्हणजे नखं लांब आहेत, इतकं सोपं आहे ते.

पण बरेच जण म्हणतात की नखं तर कालच कापली आणि ओरखडे आज जास्त दिसतायत. त्यांचं बरोबर आहे! क्लिपरने कापलेल्या नखाला धारदार कड राहते, आपण स्वतःची नखं कापल्यावर ती कशी कपड्यात अडकतात तसंच. बाहेर खरखरीत जमिनीवर चालून काही दिवसांत ती कड आपोआप गोल होते, पण तेवढ्या दिवसांत ती घरातल्या फ्लोअरवरही चालते. म्हणून कापल्यावर कानस मारणं किंवा ग्राइंडर फिरवणं हे सोडायचं नाही. टोक गोल झालं पाहिजे, खालची कड मारली पाहिजे, बोट फिरवल्यावर कुठे खरखर लागायला नको. मला विचाराल तर मोठ्या कुत्र्याला ग्राइंडरच लावावा, कमी स्पीडवर, एका नखावर एका वेळी दोन-तीन सेकंदच, मग उचलायचा, कारण घर्षणाने नख तापतं आणि एकदा चटका बसला की कुत्रा पुढच्या वेळी पंजा देत नाही. पायाचे लांब केस ग्राइंडरमध्ये गुंडाळले जाऊ शकतात, ते आधी बाजूला धरा. आणि पहिले काही दिवस नुसता ग्राइंडर चालू करून शेजारी ठेवायचा, आवाज ऐकवायचा, खाऊ द्यायचा, पंजा हातात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. घाई केली तर कायमचं बिघडतं.

नखाच्या आत जिवंत भाग असतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून काळं नख एकदम कापायचं नाही, पातळ पातळ चकत्या काढत जायचं आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो कोरडा, भुरकट, खडूसारखा दिसतो. मग मध्यभागी एक वेगळा, गडद, किंचित ओलसर ठिपका दिसायला लागतो, तो दिसला की थांबा. चुकून रक्त आलंच तर स्टिप्टिक पावडर (रक्त थांबवणारी) दाबून धरा, ती नसेल तर कॉर्नफ्लोअर, आणि काही मिनिटं हात काढू नका.

खूप दिवस नखं वाढू दिली असतील तर आतला जिवंत भागही पुढे आलेला असतो, मग एका फटक्यात नख आखूड करता येतच नाही. अशा वेळी दर आठवड्याला थोडं थोडं घासत राहायचं, तो भाग हळूहळू मागे सरकतो. महिन्यातून एकदा भरपूर कापण्यापेक्षा आठवड्याला जरासं घासणं फ्लोअरसाठीही बरं आणि कुत्र्यासाठीही.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे मागच्या पायांची नखं. ती जास्त झिजतात म्हणून लोक बघतही नाहीत, पण सुटताना ओरखडे तीच मारतात, त्यांची कड गोल करायलाच हवी. दुसरं, पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख, ड्यू क्लॉ. ते चालताना जमिनीला लागत नाही त्यामुळे झिजत नाही आणि वळून कातडीत घुसू शकतं. ओरखड्यांशी त्याचा संबंध कमी, पण पंजा हातात आहेच तर तेही बघून घ्या.

आणि गाद्यांमधले केस! गोल्डन रिट्रीव्हर, शेफर्ड, न्यूफाउंडलंड, सेंट बर्नार्ड अशा केसाळ कुत्र्यांच्या गाद्यांच्या मधून केस वाढून गादीच्या खाली येतात, म्हणजे कुत्रा रबरासारख्या गादीवर न चालता केसांच्या गुळगुळीत गोंड्यावर चालतो. मग पाय घसरतो, मग नखं रोवतो. छोट्या ट्रिमरने हे केस गादीच्या पातळीला आणले की काही कुत्र्यांची चालच बदलते, त्याच दिवशी फरक दिसतो. बोटांच्या खोल बेचक्यात कात्री घालायची गरज नाही, फक्त खाली आलेले केस पातळीत आणायचे.

पकड द्यायची ती नेमक्या जागी

आता तो नकाशा काढा बाहेर. सगळं घर गालिच्यांनी झाकायची काही गरज नाही, मग लाकडी फ्लोअर घेतलंच कशाला. जिथून कुत्रा सुटतो तिथे, जिथे थांबतो तिथे, आणि वळणावर, एवढ्या तीन जागा झाकल्या की बहुतेक काम होतं. थांबायच्या जागेचा रनर, म्हणजे लांब अरुंद गालिचा, पुरेसा लांब हवा, कारण मोठा कुत्रा ब्रेक दारात मारत नाही, बराच अलीकडे मारतो. रेघा जिथून सुरू होतात त्याच्याही अलीकडून रनर सुरू झाला पाहिजे, नाहीतर पहिला ब्रेक लाकडावरच बसतो आणि रनर नुसता शोभेचा राहतो. वळणावर दोन रनर काटकोनात टाकायचे असतील तर मधे फट सोडू नका, तेवढ्याच फटीत पाय पडतो.

रनर स्वतः सरकत असेल तर तो नसलेला बरा. कुत्रा त्याच्यावर उडी घेतो, रनरसकट घसरत जातो, आणि घाबरला तर पुढे त्याच्यावर पायच ठेवत नाही, बाजूने लाकडावरून जातो. खाली पॅड हवंच. पण पॅड घेताना बघून घ्या, पीव्हीसी किंवा स्वस्तातल्या सिंथेटिक रबराचं नको, त्यातलं प्लास्टिसायझर (मऊपणासाठी घातलेलं रसायन) पॉलिशमध्ये उतरतं आणि पिवळट डाग किंवा जाळीचे ठसे कायमचे राहतात. फेल्ट आणि नैसर्गिक रबर असं एकत्र असलेलं पॅड चांगलं, आणि तेही तुमच्या फिनिशला चालतं का हे विचारून घ्या. रनर अधूनमधून उचलून खालची रेती झाडायची, ती तिथे अडकून बसते आणि प्रत्येक पावलाबरोबर घासली जाते. शिवाय उन्हाने लाकडाचा रंग बदलतो, झाकलेल्या भागाचा तितका बदलत नाही, म्हणून गालिचे जरा इकडेतिकडे सरकवत राहा.

पाण्याच्या भांड्याखाली कड असलेला ट्रे ठेवा. मोठी कुत्री पाणी पिताना आजूबाजूला भरपूर सांडतात आणि जिथे नखांनी फिनिश फाटलंय तिथे ते पाणी नखापेक्षा जास्त नुकसान करतं.

जमीनच निसरडी झालीय का हेही बघा. चमक यावी म्हणून वॅक्स, तेलकट साबण, सिलिकॉनवाले स्प्रे मारले जातात, त्याने दोन दिवस चकाकी येते पण कुत्र्याचे पाय आणखी सटकतात, आणि पुढे कधी नवीन कोट मारायचा झाला तर त्या थरावर नवीन पॉलिश धरतच नाही, फुगतं नाहीतर सोलून निघतं. पॉलियुरेथेनवाल्या फ्लोअरला फिनिशच्या कंपनीने सांगितलेला साधा क्लीनर पुरतो.

मोजे, कॅप, मेण वगैरे

मोजे मोठ्या कुत्र्याच्या पायात टिकत नाहीत, फिरतात, आणि रबरी ठिपके वरच्या बाजूला गेले की पाय जास्तच घसरतो. पाहुणे येणार आहेत, दोन तास घालायचे, एवढ्यापुरतं ठीक. दिवसभर नको, पंजे दमट राहतात. नखांवर चिकटवायच्या मऊ कॅप ओरखडे खरंच थांबवतात, पण त्या साधारण चार ते सहा आठवड्यांत नख वाढेल तशा निघतात, एखादी आधीच पडते, आणि नखं चावत बसणारा कुत्रा ती गिळूही शकतो. उकरायची सवय असलेल्या कुत्र्याला तर विसराच. नखावर चढवायच्या रबरी रिंगा म्हाताऱ्या, घसरणाऱ्या कुत्र्यांना चांगल्या मदत करतात, नखाऐवजी ती रिंग जमिनीला टेकते आणि पकड मिळते, फक्त माप बरोबर घ्यावं लागतं आणि सरकल्या तर परत बसवाव्या लागतात. पंजाला लावायच्या मेणाने थोडी पकड येते, पण फ्लोअरवर ठसे उमटतात, पुसत बसावं लागतं. माझ्या मते आधी केस, कड आणि रनर, या तिघांनी भागलं नाही तरच इकडे वळा.

धावच कमी करता येईल का

येते. बेल वाजली की दाराकडे धावायचं हे कुत्र्याला कोणी शिकवलेलं नसतं, तसंच बेल वाजली की आपल्या गादीवर जाऊन बसायचं हे शिकवता येतं. आधी बेलशिवाय गादीवर जाणं पक्कं करायचं, मग मोबाइलवर हळू आवाजात बेल वाजवून, मग खऱ्या बेलवर, प्रत्येक वेळी बक्षीस गादीवरच द्यायचं, दाराशी नाही. वेळ लागतो पण हा उपाय टिकतो. खिडकीखाली ओरखडे असतील तर खालच्या काचेला दुधी फिल्म लावा, बाहेरचं दिसलं नाही की उड्या निम्म्या कमी होतात. आणि घरात बॉल फेकायचा नाही. बॉल खेळताना सुटणं, थांबणं आणि वळणं तिन्ही एकदमच होतं.

ओरखडे अचानक वाढले तर फ्लोअर सोडा, कुत्र्याकडे बघा

हे सगळ्यात मनापासून सांगतोय. सवयी त्याच, नखं तीच, आणि तरी गेल्या काही आठवड्यांत ओरखडे वाढलेत, उठताना मागचे पाय फाकतायत, कडक जमिनीवर जायला कुत्रा कचरतोय, तर सांधेदुखी किंवा कंबरेच्या सांध्याचा त्रास सुरू झालेला असू शकतो. मोठ्या जातींत हिप डिसप्लेझिया (कंबरेचा सांधा नीट न बसणं) आणि संधिवात बरेच आढळतात. चालताना मागचा पाय नीट उचलला न जाता नखं घासत जातायत, खसक खसक असा ओढल्यासारखा आवाज येतोय, मधल्या दोन नखांची वरची बाजू झिजलेली दिसतेय, किंवा पंजा उलटा पडतोय, तर मणक्याचा किंवा नसांचा प्रश्न असू शकतो. यात घरगुती उपाय करत बसू नका, व्हेटला दाखवा आणि जाताना चालण्याचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या, दवाखान्यात गेल्यावर घाबरून कुत्री नेमकी नीट चालून दाखवतात.

म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मग ओरखडे हा विषयच मागे पडतो. त्याला झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सलग न घसरणारी वाट करून द्या. घसरून पडला तर त्याला फार महागात पडतं.

आणि मग शेवटी पॉलिश

वरचं सगळं केल्यावर नवीन ओरखडे थांबले, की जुन्यांचं बघायचं. पांढऱ्या, वरवरच्या रेघा थोड्याच असतील तर लाकडाच्या रंगाचा टच-अप मार्कर, आधी एक छटा फिकाच घ्यायचा, रेघेवर लावून लगेच कापडाने पुसायचा, रंग फक्त चऱ्यात राहतो. खोल चऱ्यात वॅक्स फिलरची कांडी भरतात, पण लवकरच पूर्ण कोट मारायचा विचार असेल तर वॅक्स भरू नका, नंतर ते पूर्ण काढल्याशिवाय कोट धरत नाही.

रेघा भरपूर पण फिनिशपुरत्याच असतील तर सगळं तासायला लावू नका. वरचा थर हलका घासून त्यावर एक नवीन कोट मारतात, त्यात लाकूड जात नाही, धूळ कमी, वेळ कमी. हे लाकूड उघडं पडायच्या आत केलं तर जमतं, मोठे पट्टे उघडे पडले तर मग पूर्ण तासणंच उरतं. इंजिनिअर्ड फ्लोअर (खाली प्लायसारखे थर, वर खऱ्या लाकडाचा पातळ थर) असेल तर वरचा खऱ्या लाकडाचा थर किती जाड आहे ते आधी शोधा, दोन मिलिमीटर असेल तर फार तर एकदा तासता येतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तर अजिबात नाही. कारखान्यातून ॲल्युमिनियम ऑक्साइडचं फिनिश येतं ते झिजायला फार चिवट असतं, पण त्याच्यावर नवीन कोट साध्या घासण्याने धरत नाही, ते काम अनुभवी माणसालाच द्या.

कोट निवडायचा तर ग्लॉस नकोच. ग्लॉसवर प्रत्येक रेघ लांबून चमकते, मॅटवर तीच रेघ शोधावी लागते. तीच गोष्ट रंगाची, गडद स्टेनवर पांढरी रेघ उठून दिसते, लाकडाच्या स्वतःच्या मधल्या रंगावर मिसळून जाते. फिनिशमध्ये हार्डनर मिसळायचं दोन भागांचं वॉटर बेस्ड पॉलियुरेथेन चांगलं टिकतं. हार्डवॅक्स ऑइल हा वेगळा रस्ता आहे, ते लाकडात मुरतं, वर जाड थर बनत नाही, त्यामुळे ओरखडे पडले तरी पांढरे दिसत नाहीत आणि तेवढाच तुकडा घासून परत तेल लावता येतं. त्याला अधूनमधून तेल द्यावं लागतं, सांडलेलं लगेच पुसावं लागतं, पण मोठा कुत्रा असलेल्या घरात मी स्वतः हेच निवडेन, कारण एका पट्ट्यासाठी सगळी खोली रिकामी करायची वेळ येत नाही.

नवीन कोट हाताला कोरडा लागला म्हणजे तो पिकला असं समजू नका. वॉटर बेस्डला पूर्ण कडक व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, ऑइल बेस्डला ३० दिवसांच्या आसपास, नक्की किती ते डब्यावर लिहिलेलं असतं. तेवढे दिवस गालिचे आणि पॅड टाकायचे नाहीत, खालचं फिनिश नीट सुकत नाही. अडचण अशी की नेमक्या याच दिवसांत फिनिश सगळ्यात मऊ असतं आणि झाकायलाही काही नसतं. म्हणून शक्य असेल तर कुत्र्याला तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत किंवा ओळखीच्यांकडे ठेवा, निदान पहिला आठवडा तरी. आत आणायच्या आदल्या दिवशी सगळी नखं घासून गोल करा, गाद्यांचे केस बघा, आणि गालिचे परत पडेपर्यंत घरात त्याला लीशवरच फिरवा.